अमेरिकेचे अणुबॉम्बचे कारखाने: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक, आता निवृत्त. गेली काही वर्षं सोलापुरातल्या वाचनालयांत, शाळा-कॉलेजांत आणि पूर्व भागातल्या दोन-चार सभागृहांत मी या विषयावर बोलतो आहे. वडील गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. त्यामुळे असेल, पण अणुबॉम्बचा इतिहास वाचताना माझं लक्ष समीकरणांपेक्षा पाळ्या, भोंगे, मुकादम आणि मजुरी यांकडेच जास्त गेलं. व्याख्यानानंतर चहाच्या वेळी लोक घेरून जे विचारतात, ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

अणुबॉम्ब तर शास्त्रज्ञांनी बनवला. मग कारखान्यांचं एवढं काय?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. ओपेनहायमर, फर्मी, लॉस अलामोसच्या डोंगरावरची प्रयोगशाळा हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण हिशेब बघा. १९४२ ते १९४५ या काळात मॅनहॅटन प्रकल्पावर, म्हणजे अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या गुप्त योजनेवर, सुमारे २०० कोटी डॉलर खर्च झाले. त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक पैसे कारखाने उभारण्यात आणि बॉम्बमध्ये भरायचा माल तयार करण्यात गेले. बॉम्बची रचना, चाचण्या, लॉस अलामोसचा सगळा पसारा मिळून दहा टक्केसुद्धा होत नाहीत. १९४४ च्या मध्यावर या प्रकल्पावर सव्वा लाखाच्या वर माणसं एका वेळी कामाला होती आणि त्यात शास्त्रज्ञ मूठभर होते. बाकीचे सुतार, वेल्डर, नळजोडणी करणारे, ट्रकचालक, स्वयंपाकी, टंकलेखिका, मशीनवर बसणाऱ्या मुली.

अणूचं विभाजन होतं हे १९३८ च्या अखेरीस जर्मनीत कळलं आणि १९३९ साली जगभर छापून आलं. म्हणजे कल्पना सगळ्यांपाशी होती. माल कुणापाशीच नव्हता.

इतके अजस्र कारखाने लागलेच कशासाठी?

खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये दोन भावंडं असतात. २३८ वजनाचं ९९.३ टक्के आणि २३५ वजनाचं जेमतेम ०.७ टक्के. बॉम्बला दुसरं लागतं. दोघांचं रसायन अगदी एक, त्यामुळे आम्लात टाकून, उकळून, गाळून ती वेगळी होत नाहीत. फरक फक्त वजनाचा, तोही शंभराला सव्वा एवढा. पोत्यातल्या हजार दाण्यांतले सात दाणे उचलायचे आहेत, सगळे दिसायला सारखे आणि सात दाणे किंचित हलके, असं समजा.

त्यासाठी टेनेसी राज्यात ओक रिज इथे सुमारे ५९,००० एकर जमीन घेऊन एकाच वेळी तीन रीतींचे कारखाने उभे केले, कारण कुठली रीत चालेल याची कुणालाच खात्री नव्हती. वाय-१२ मध्ये युरेनियमचे विद्युतभारित कण प्रचंड चुंबकांमधून वळवत. हलका कण थोडा जास्त वळतो, तो वेगळ्या खिशात पडतो. के-२५ मध्ये युरेनियमचा वायू करून तो सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पुन्हा पुन्हा ढकलत. हलका रेणू किंचित आधी पलीकडे जातो. एका पडद्यानं काहीच होत नाही, म्हणून हजारो टप्पे एकामागे एक जोडले. त्या इमारतीचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा होता आणि एकेक बाजू सुमारे ८०० मीटर लांब. एस-५० मध्ये उष्णतेच्या फरकावर काम चाले. शेवटी तिन्हींची साखळी केली: एकानं थोडं दाट करायचं, पुढच्यानं आणखी. कापूस ते कापड या प्रवासात पिंजण, कताई, वाइंडिंग, विणाई अशी खाती असतात. सोलापूरकराला ही साखळी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी वाट प्लुटोनियमची. ते निसर्गात जवळपास नाहीच, अणुभट्टीत युरेनियमपासून तयार करावं लागतं. त्यासाठी वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी हॅनफर्डला कारखाना उभारला. नदी अशासाठी की भट्टी थंड ठेवायला पाण्याचा अखंड लोट हवा होता.

हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं आणि त्यातलं प्रत्यक्ष विभाजन पावलं ते एक किलोच्या आत. नागासाकीच्या बॉम्बमध्ये सुमारे ६ किलो प्लुटोनियम होतं. एवढ्यासाठी हा सगळा डोलारा.

कामगारांना आपण काय बनवतोय हे खरंच ठाऊक नव्हतं?

पूर्व भागातल्या एका सभेत एका मावशींनी विचारलं होतं, “म्हणजे काय ओ सर, काय करतोय ते न ठाऊक असता बाया काम करत होत्या?” हो मावशी. अगदी तसंच.

वाय-१२ मध्ये चुंबकांच्या यंत्रांसमोर उंच स्टुलांची रांग असे. प्रत्येकीपुढे उभं पॅनेल, त्यावर तबकड्या आणि खुंट्या. काटा ठरलेल्या रेघांच्या मध्ये ठेवायचा, सरकला की खुंटी फिरवून परत आणायचा, एवढंच काम. पाळ्या दिवसरात्र. मुली बहुतेक आसपासच्या शेतकरी कुटुंबांतल्या, नुकत्याच शाळा संपलेल्या. काटा कशाचा, डबीत काय पडतं, हे विचारायचं नाही. जास्त विचारणारी दुसऱ्या दिवशी दिसायची नाही.

या मुलींची एक गोष्ट मी दर वेळी सांगतो. ज्या शास्त्रज्ञांनी हे यंत्र शोधलं त्या अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या पदवीधर माणसांनी आधी तीच यंत्रं चालवली होती. मुलींवर त्यांचा भरवसा नव्हता. प्रकल्पाचे अधिकारी निकोल्स यांनी दोन्ही गटांचं उत्पादन मोजायची पैज लावली आणि मुली जिंकल्या. काटा हलला की मुली तो जागेवर आणत. शास्त्रज्ञ तो का हलला याचा शोध घेत बसत. मागावर बसलेल्या बाईला तुटलेला धागा दिसायच्या आधी आवाजातून कळतो, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला या निकालाचं नवल वाटणार नाही.

६ ऑगस्ट १९४५ ला रेडिओवर हिरोशिमाची बातमी आली तेव्हा ओक रिजमधल्या बहुतेकांना आपलं गाव कशासाठी वसलं ते पहिल्यांदा समजलं. तोवर गावाची वस्ती ७५,००० झाली होती आणि नकाशावर त्याचं नाव नव्हतं. काहींनी नाच केला, काही गप्प झाल्या, काहींना आयुष्यभर बोच राहिली. त्यांच्या मुलाखती आज उपलब्ध आहेत आणि त्यांत एकसारखं उत्तर सापडत नाही.

आणखी एक गोष्ट झाकून चालणार नाही. ओक रिजच्या काळ्या कामगारांना १६ फूट बाय १६ फूट लाकडी खोपट्यांत ठेवलं जाई, नवरा एका वस्तीत आणि बायको दुसऱ्या. गोऱ्यांना घरं आणि डॉर्मिटऱ्या. त्या मुलींच्या स्टुलांवरही काळ्या मुली नव्हत्या.

चांदीची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि सराफकट्ट्याजवळच्या व्याख्यानात ती हटकून विचारली जाते. वाय-१२ च्या चुंबकांना गुंडाळायला तांब्याची तार हवी होती, पण युद्धात तांबं तोफगोळ्यांच्या काडतुसांना जात होतं. मग सरकारी खजिन्यातली चांदी उसनी मागितली. लष्करानं टनांत मागणी केल्यावर खजिन्याच्या अधिकाऱ्यानं सुनावलं की आमच्याकडे चांदी औंसांत मोजतात. शेवटी सुमारे १३,३०० टन चांदी दिली गेली. ती ओतून, पट्ट्या लाटून, चुंबकांभोवती गुंडाळली.

युद्धानंतर ती परत करायची होती. यंत्रं सोडवली, घासली, खालच्या लाकडी फळ्या उचकटून जाळल्या आणि राखेतली चांदी काढली. आपल्याकडे झारेकरी सराफ गल्लीतली माती धुतात, तेच काम राष्ट्रीय पातळीवर. शेवटचा हप्ता १९७० साली परत गेला आणि तूट हजारात अर्ध्या भागाएवढीही भरली नाही.

हॅनफर्डची अणुभट्टी सुरू होताच आपोआप बंद पडली होती म्हणतात?

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणून जरा सविस्तर.

हॅनफर्डची बी भट्टी जगातली पहिली मोठ्या प्रमाणावर चालणारी अणुभट्टी. ग्रॅफाइटच्या ठोकळ्यांचा एक प्रचंड घन, त्यातून आरपार आडव्या नळ्या, नळ्यांत ॲल्युमिनियममध्ये बंद केलेल्या युरेनियमच्या कांड्या आणि कांड्यांभोवतून नदीचं पाणी. २६ सप्टेंबर १९४४ ला ती पेटली. शक्ती वाढवत नेली आणि काही तासांत ती आपोआप उतरू लागली. कुणी काही केलेलं नव्हतं. पाणी गळतंय का, ते पाहिलं. गळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत भट्टी विझली. रात्रभरानं पुन्हा स्वतःहून जिवंत झाली आणि पुन्हा तसंच.

जॉन व्हीलर या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला आधीपासून एक शंका होती. विभाजनातून जे तुकडे पडतात, त्यांतला एखादा तुकडा न्यूट्रॉन (पुढचा अणू फोडणारे कण) गिळणारा निघाला तर? विझण्या-पेटण्याच्या वेळा मांडल्यावर गुन्हेगार सापडला: झेनॉन-१३५ हा वायू, जो निम्मा विरायला सुमारे नऊ तास लागतात. भट्टी चालते, झेनॉन साठतो, न्यूट्रॉन खातो, भट्टी विझते. झेनॉन विरतो, भट्टी जागी होते.

उपाय म्हणजे जास्त युरेनियम भरायचं. पण नळ्या आधीच ठरलेल्या असल्या तर भरणार कुठे? इथे बांधकाम करणाऱ्या ड्यूपाँ कंपनीच्या इंजिनिअरांची सवय कामी आली. शास्त्रज्ञांच्या आराखड्यात १,५०० नळ्या पुरेशा होत्या. इंजिनिअरांनी चारी कोपरे वापरून २,००४ बसवल्या होत्या. शास्त्रज्ञांना तेव्हा ती वेळेची आणि पैशाची नासाडी वाटली होती. त्या जादा ५०४ नळ्या भरल्या आणि भट्टी चालली. फेब्रुवारी १९४५ मध्ये हॅनफर्डचं पहिलं प्लुटोनियम लॉस अलामोसला पोचलं आणि १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात त्याची चाचणी झाली.

माझे वडील म्हणत, मशीनला थोडी जादा मार्जिन ठेवावी, ती आजचं नाही, उद्याचं काम करते. अभियांत्रिकीच्या मुलांना मी ही गोष्ट त्यांच्या तोंडच्या याच वाक्यासकट सांगतो.

जमिनी कुणाच्या होत्या?

हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ही फळबागांची दोन गावं होती. सफरचंद, पीच, चेरी. १९४३ च्या वसंतात घरोघरी पत्रं आली: सरकारला जागा हवी आहे, कारण सांगता येत नाही. काहींना महिनाभराची मुदत मिळाली, काहींना थोडी जास्त. दीड हजाराच्या आसपास माणसं उठली. बागा बहरात होत्या, त्यांतली फळं मग तुरुंगातले कैदी आणून तोडून घेतली. दफनभूमीतली प्रेतं उकरून दुसऱ्या गावी हलवली. शिवाय वानापम ही आदिवासी जमात पिढ्यान्‌पिढ्या तिथे नदीत मासे धरायची. त्यांच्याशी कसला करारच नव्हता, त्यामुळे त्यांना भरपाईही नव्हती.

दक्षिण कॅरोलायनात १९५० नंतर सव्हाना रिव्हरचा कारखाना आला तेव्हा एलेंटन आणि आसपासची गावं मिळून सुमारे ६,००० माणसं हलली. पुष्कळांनी घरंच चाकांवर चढवून नेली.

उजनीच्या धरणग्रस्तांच्या घरातली माणसं समोर बसलेली असतात तेव्हा हा भाग मला फार सांगावा लागत नाही. पाणी उतरलं की पळसदेवचं मंदिर वर येतं आणि म्हातारी माणसं बघायला जातात. हॅनफर्डला जुन्या शाळेचा सांगाडा आणि व्हाइट ब्लफ्सच्या बँकेची छोटी इमारत अजून उभी आहे. उठवलेली कुटुंबंही वर्षातून एकदा जमत असत.

हे कारखाने सरकारी होते की खासगी?

जमीन, इमारत, यंत्रं आणि माल सरकारचा, चालवणारी कंपनी खासगी. ही पद्धत १९४३ पासून आजतागायत चालू आहे. ड्यूपाँनं हॅनफर्डसाठी खर्च वगळता फक्त एक डॉलर मोबदला घेतला, कारण पहिल्या महायुद्धानंतर तिच्यावर युद्धातून नफा कमावल्याची टीका झाली होती. लॉस अलामोस कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे होतं, ते २००६ पर्यंत. १९४७ च्या १ जानेवारीला लष्कराकडून सगळं अणुऊर्जा आयोगाकडे गेलं. १९७७ पासून ऊर्जा खात्याकडे आहे.

गुप्तता टिकली का?

स्वतःच्या कामगारांपासून टिकली, सोव्हिएत संघापासून नाही. लॉस अलामोसमधला क्लाउस फुक्स हा भौतिकशास्त्रज्ञ युद्धकाळातच माहिती पुरवत होता. तो १९५० साली पकडला गेला. त्याआधीच, २९ ऑगस्ट १९४९ ला, सोव्हिएत संघाचा पहिला स्फोट झाला होता.

युद्ध संपल्यावर कारखाने थांबले का नाहीत?

थांबण्याऐवजी वाढले, आणि खरा पसारा तेव्हाच झाला. सोव्हिएत स्फोटानंतर १९५० साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हायड्रोजन बॉम्बचा निर्णय घेतला. पुढच्या चार-पाच वर्षांत देशभर कारखान्यांचं जाळं विणलं गेलं. केंटकीत पडुका आणि ओहायोत पोर्ट्समथ इथे युरेनियम दाट करायचं. ओहायोतल्याच फर्नाल्डला युरेनियम धातू घडवायचा. सव्हाना रिव्हरला पाच भट्ट्या, प्लुटोनियम आणि ट्रिटियम (हायड्रोजनचं जड, किरणोत्सारी भावंड) यांसाठी. कोलोरॅडोत रॉकी फ्लॅट्सला प्लुटोनियमचे गाभे. कॅन्सस सिटीत तारा, स्विचेस, इलेक्ट्रॉनिक भाग. टेक्ससमध्ये अमॅरिलोजवळ पॅन्टेक्सला शेवटची जुळणी. प्रयोगशाळाही तीन झाल्या: लॉस अलामोस, १९४९ साली स्वतंत्र झालेली सँडिया आणि १९५२ साली भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर आणि लॉरेन्स यांनी सुरू केलेली लिव्हरमोर. नेव्हाडाच्या वाळवंटात १९५१ पासून चाचण्या.

१९६० च्या आसपास हे जाळं वर्षाला सुमारे ७,००० अण्वस्त्रं बनवत होतं. म्हणजे रविवार, सणवार धरून रोजची एकोणीस. १९६७ साली साठा ३१,२५५ वर पोचला. कारखाना उभा राहिला, माणसं भरती झाली, गावाचं पोट त्यावर चालू लागलं, खासदार निवडून यायला लागले की तो थांबवणं किती अवघड असतं, हे गिरण्यांच्या शहराला कळतं. आपल्या गिरण्या बंद होताना अख्खं शहर हललं होतं. तिथल्या गावांनाही कारखाना बंद होण्याचीच भीती जास्त होती. फर्नाल्डचं गाव वर्षानुवर्षं त्या कारखान्यात पशुखाद्य बनतं असं समजत होतं, कारण फाटकावर नाव होतं ‘फीड मटेरिअल्स प्रॉडक्शन सेंटर’. १९८४ साली युरेनियमची धूळ बाहेर पडल्याचं उघड झालं आणि शेजारच्या विहिरीतही युरेनियम निघालं.

रॉकी फ्लॅट्सला नेमकं काय घडलं?

डेन्व्हर शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, १९५२ पासून इथे प्लुटोनियम ओतून, कातून बॉम्बचा गाभा घडवत. काम काचेच्या बंद पेट्यांतून चाले. पेटीच्या भिंतीत जाड हातमोजे बसवलेले, कामगारानं बाहेरून त्यांत हात घालायचे आणि आतलं लेथ चालवायचं. प्लुटोनियमचा कातीव चुरा हवेत आपोआप पेट घेतो.

११ सप्टेंबर १९५७ च्या रात्री एका पेटीत तेच झालं. कार्बन डायऑक्साइडनं आग विझेना. पाणी मारायची धास्ती होती, कारण प्लुटोनियमजवळ पाणी साचलं तर साखळी प्रक्रिया सुरू होऊ शकते. शेवटी पाणी मारलं. तोवर चिमणीकडे जाणारे फिल्टर जळाले होते आणि धूर शहराच्या दिशेनं गेला होता. शेजारच्या वस्त्यांना सांगितलं गेलं नाही. ११ मे १९६९ ला दुसरी, त्याहून मोठी आग. त्यानंतर बाहेरच्या शास्त्रज्ञांनी स्वतः मातीचे नमुने घेतले आणि कुंपणाबाहेर प्लुटोनियम सापडलं.

६ जून १९८९ ला केंद्रीय तपास पोलिसांनीच (एफबीआय) या सरकारी कारखान्यावर छापा घातला. उत्पादन त्या वर्षी थांबलं ते कायमचं. चालवणाऱ्या कंपनीनं १९९२ साली पर्यावरणाचे गुन्हे कबूल करून १ कोटी ८५ लाख डॉलर दंड भरला. इमारती पाडून सफाई २००५ साली संपली. आता भोवतीच्या पट्ट्यात अभयारण्य आहे, मधला भाग बंद.

विडीच्या तंबाखूनं छाती भरते. तिथल्या कामगारांचं काय झालं?

सूप मांडीवर घेऊन चाळीस वर्षं विड्या वळलेल्या एका बाईंनी हे विचारलं. त्या दिवशी मला उत्तर नीट देता आलं नाही, म्हणून नंतर वाचून घेतलं.

किरणोत्सार हा एक भाग. त्याशिवाय बेरिलियम या धातूची धूळ होती. ती ज्यांच्या अंगाला सोसत नाही त्यांची फुप्फुसं हळूहळू घट्ट होत जातात, कधीकधी वीस वर्षांनी. कामगार आजारी पडत, अर्ज करत आणि सरकार कंपन्यांच्या वकिलांचा खर्च देऊन ते दावे लढवत असे. २००० साली कायदा झाला: ठरावीक आजार असलेल्या अण्वस्त्र कामगाराला किंवा त्याच्या वारसाला दीड लाख डॉलर आणि औषधपाणी. पण आधी सिद्ध करा की तुम्ही तिथे होता आणि तुम्हाला लागण तिथेच झाली. चाळीस वर्षांपूर्वीची नोंद हरवलेली, खात्याचं नाव गुप्त, साक्षीदार वारलेले. गिरणीची देणी मिळवायला माझ्या वडिलांनी ज्या कागदांच्या पिशव्या वाहिल्या त्या मला आठवतात. आईनं त्या पिशवीला फटकुरातली नाडी शिवली होती.

कुंपणाबाहेरच्यांचं आणखी अवघड. हॅनफर्डच्या चिमण्यांतून सुरुवातीच्या वर्षांत किरणोत्सारी आयोडीन-१३१ मोठ्या प्रमाणात सुटलं. ते गवतावर बसलं, गवत गाईनं खाल्लं, दूध पोरांनी प्यायलं आणि ते पोरांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठलं. डिसेंबर १९४९ मध्ये तर एका प्रयोगासाठी ते मुद्दाम सोडलं होतं. लोकांना हे कळलं फेब्रुवारी १९८६ मध्ये, जेव्हा दबावाखाली १९,००० पानांची कागदपत्रं खुली झाली. छत्तीस वर्षांनी.

युरेनियम आलं कुठून?

सुरुवातीचं बरंचसं आफ्रिकेतून. तेव्हाच्या बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीचं खनिज जगात कुठेही नव्हतं इतकं दाट होतं. खाण कंपनीचे प्रमुख एडगर सेंजिए यांनी १९४० सालीच सुमारे १,२०० टन खनिज न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर आणून ठेवलं होतं. लष्कर शोधायला निघालं तेव्हा माल त्याच शहरात पिंपांत पडून होता. ते खणणारे काँगोली मजूर कोण, त्यांचं पुढे काय झालं, याबद्दल फारच थोडं लिहिलं गेलं आहे, आणि मला हे खटकतं.

नंतर अमेरिकेतच नावाहो आदिवासींच्या भूमीत खाणी निघाल्या. १९४४ ते १९८६ मध्ये तिथून जवळजवळ तीन कोटी टन खनिज काढलं. खाणीत हवा खेळती ठेवायची सोय नसे, पुरुष रेडॉन वायू हुंगत काम करत आणि कपड्यांवर धूळ घेऊन घरी जात. पाचशेच्या वर सोडलेल्या खाणी अजून तिथे आहेत. खाणकामगारांसाठी भरपाईचा कायदा १९९० साली झाला.

उरलेला कचरा कुठे आहे?

बराचसा जिथे तयार झाला तिथेच. हॅनफर्डला जमिनीखाली १७७ टाक्या आहेत, त्यांत सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सारी चिखल आणि द्रव. दहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरांत मोजलं तर एकवीस हजार टँकर. त्यांतल्या १४९ टाक्या एकपदरी पोलादाच्या, युद्धकाळात आणि त्यानंतर घाईनं बांधलेल्या. त्यांतल्या कित्येक गळल्या आहेत. हा माल काचेत गोठवायचा बेत आहे, त्याच्या कारखान्याचं बांधकाम २००२ साली सुरू झालं. न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात साडेसहाशे मीटर खोल एक कायमचं कोठार १९९९ साली उघडलं. तिथे प्लुटोनियम लागलेले कपडे, हत्यारं, भंगार जातं. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला २४,००० वर्षं लागतात.

होटगीकडच्या त्या उंच चिमण्या अणूच्या आहेत का?

नाहीत. फताटेवाडीचा तो प्रकल्प कोळशावर चालतो, ६६० मेगावॉटचे दोन संच. मोठी चिमणी दिसली की अणू, असा समज शाळकरी मुलांत फार आहे. महाराष्ट्रात अणुवीज १९६९ पासून तारापूरला होते.

आपल्या देशाचं काय?

तो स्वतंत्र विषय, इथे दोनच ओळी. तुर्भ्याचं केंद्र १९५४ साली सुरू झालं आणि १९६७ पासून त्याला होमी भाभांचं नाव आहे. कॅनडाच्या मदतीनं बांधलेल्या सायरस भट्टीतलं प्लुटोनियम १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटात वापरलं गेलं. मे १९९८ मध्ये पुन्हा चाचण्या झाल्या. आपल्याकडच्या कामगारांचा, यंत्रचालकांचा, फिटरांचा इतिहास मराठीत कुणीतरी मुलाखती घेऊन लिहायला हवा. ती माणसं म्हातारी होत चालली आहेत. कुणाच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्याशी बोला. गुपितं नकोत. डब्यात काय नेत होता, पाळी किती वाजता सुटायची, एवढं विचारलं तरी पुष्कळ आहे.

आज त्यातलं काय चालू आहे?

तिन्ही प्रयोगशाळा, ओक रिजचं वाय-१२, पॅन्टेक्स, कॅन्सस सिटी, सव्हाना रिव्हरचं ट्रिटियम आणि नेव्हाडा. शेवटचा स्फोट २३ सप्टेंबर १९९२ चा. तोवर १,०५४ चाचण्या झाल्या होत्या. ट्रिटियम बारा वर्षांत निम्मं होतं, म्हणून ते बॉम्बमध्ये सतत नव्यानं भरावं लागतं. ज्या पॅन्टेक्समध्ये बॉम्ब जोडले, तिथेच गेली तीस-पस्तीस वर्षं हजारो बॉम्ब सुटे केले गेले, काही वेळा त्याच हातांनी. साठा आता साडेतीन-चार हजारांच्या घरात आहे. गाभे बनवायचं काम रॉकी फ्लॅट्स बंद झाल्यावर थंडावलं होतं, ते लॉस अलामोसमध्ये पुन्हा वाढवायचं चाललं आहे.

हे बघायला मिळतं का?

मिळतं. २०१५ साली लॉस अलामोस, ओक रिज आणि हॅनफर्ड मिळून एक राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केलं आहे. के-२५ ची इमारत पाडून टाकली, पण बी भट्टी जपली आहे. मी गेलो नाही. सोलापूरचा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीला असतो, तो जाऊन आला आणि त्यानं मला व्हिडिओ कॉल लावून दिला. समोर भिंतभर २,००४ नळ्यांची तोंडं, प्रत्येकीवर झाकण. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मी त्याला म्हणालो, “अरे, कोपऱ्यातल्या दाखव.” त्यानं फोन डावीकडे वर नेला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.